अहो, फट दिसतेय

आमच्या गॅलरीत सध्या जे लोखंडी धूड बसलेलं आहे, त्याच्यासाठी मी माझी तुळस हलवली. तुळशीच्या जागी यंत्र, आणि तुळस वॉशिंग मशीनशेजारी, जिथे तिच्या अंगावर दिवसाआड साबणाचे शिंतोडे उडतात. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझं तोंड जरा जास्त चाललं तर वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

धूड आणलं माझ्या नवऱ्याने. मी त्यांना तोंडावर 'अहो' म्हणते आणि पाठीमागे 'मास्तर', कारण त्यांनी चौतीस वर्षं अंबरनाथच्या एका शाळेत भूमिती शिकवली. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, सोसायटीच्या कमिटीत शिरतात, नाहीतर सकाळी बागेत जमून खोटं खोटं हसतात. मास्तर सुतार झाले. तेही बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर, चार फुटी गॅलरीत. पहिल्या वर्षी त्यांनी एक पाट केला. तो चारपैकी तीनच कोपऱ्यांवर टेकायचा, त्यामुळे त्यावर बसलेला माणूस जेवता जेवता शेजाऱ्याच्या ताटाकडे कलायचा. मास्तर म्हणाले, फरशी वाकडी आहे, बिल्डरने फसवलं. मी त्यांना पाट दुसऱ्या खोलीत नेऊन दाखवला. तिथेही बिल्डरने फसवलं होतं.

माझंही सांगायला हवं. मी एका सरकारी कार्यालयात खिडकीमागे तीस वर्षं बसले. लोक अर्ज आणायचे आणि मी त्यांतल्या चुका काढायचे. सही रकान्याबाहेर गेलीय, फोटोवर शिक्का अर्धाच उमटलाय, पिनकोडचा एक आकडा गाळलाय. 'त्रुटींची पूर्तता करून पुन्हा सादर करावे' हे वाक्य मी इतक्या वेळा लिहिलं की एकदा मुलीच्या पत्राखाली, 'आशीर्वाद' लिहायचं तिथे, तेच लिहायला घेतलं होतं. अर्ज हातात आला की तो कुठे चुकलाय ते मला लगेच दिसायचं. बाकीचं काय लिहिलंय ते मी क्वचितच वाचलं.

ही नजर माझ्याकडे आईकडून आली. आई अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात होती. तयार पेट्या तपासायचं तिचं काम. पेटी उचलायची, अंगठा चारी कोपऱ्यांवरून फिरवायचा, कागद कुठे उचकटलेला लागला तर पेटी बाजूला फेकायची, नाही लागला तर तोंडातल्या तोंडात 'पास' म्हणायचं आणि पुढची घ्यायची. दिवसभर हेच केल्यावर तिचा अंगठा घरीही थांबायचा नाही. माझ्या वह्यांच्या कव्हरांवरून फिरे, घडी घातलेल्या चादरींवरून फिरे, दिवाळीत शंकरपाळ्यांच्या टोकांवरूनसुद्धा. तिच्या तोंडून 'पास' ऐकायला मिळावं म्हणून मी दर जूनमध्ये कव्हरं उसवून उसवून पुन्हा घातली आहेत. आई गेली, कारखाना बंद झाला, पण तो अंगठा माझ्या हाताला लागून राहिला.

आईच्या खात्यातली एक बाई अजून आहे. मी तिला मावशी म्हणते. अंबरनाथच्या जुन्या गावठाणात भाच्याच्या घराच्या मागच्या खोलीत राहते, ऐंशीच्या पुढची आहे, आणि अजून स्वतःची भाकरी स्वतः थापते. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही. वालधुनी नदीचं पाणी एका पावसात घरात छातीएवढं शिरलं तेव्हा तिची ट्रंक बुडाली. लग्नाचा फोटो, नवऱ्याचा फोटो, सगळ्याचा लगदा झाला. वाचला तो एकच, कारण तो त्या दिवशी देवांच्या फळीवर होता. पॅकिंग खात्यातल्या सहा बायकांचा ग्रुप फोटो, जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला. त्यालाही ओल लागून उजवी कड तपकिरी झाली होती. मावशीच्या तरुणपणाचं जगात एवढंच उरलं होतं, आणि ते तिने उचलून मला दिलं.

"ठेव गो बाय. तुझ्या आयचा हाय," ती म्हणाली. "माझ्या मागं भाचा रद्दीत घालंल. पन चांगल्या चौकटीत बसव, भिंतीला लाव. मना एकदा येऊन बघाचाय, आपन भिंतीवर कशा दिसतो त्या." मग डोळे बारीक करून तिने विचारलं, "मना वळखलंस ना यांच्यात?"

मी फोटोवर नजर टाकली. मधोमध खुर्चीवर एक ठसठशीत बाई नाकात नथ घालून हसत बसली होती. "हो हो! न ओळखायला काय झालं? लगेच ओळखलं," मी म्हणाले. मावशी लाजली चक्क. कोणी 'ओळखलंस का' विचारलं की 'हो' म्हणायचं, ही आपल्याकडची सवय आहे. लग्नाच्या हॉलमध्ये मी अशी निदान शंभर माणसं ओळखली आहेत, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या तब्येतीची चौकशीही केली आहे.

घरी आल्यावर मी आईला शोधलं. ती उजवीकडे उभी होती, ओलीच्या डागाला लागून. चेहरा तेवढा मोठा करून मी मोबाईलवर टिपला आणि डीपीला लावला. तिच्या खांद्यावर काहीतरी पांढुरकं दिसत होतं. पदराची घडी असेल म्हणून सोडून दिलं.

उल्हासनगरच्या कुठल्याही दुकानात ही फ्रेम तासाभरात झाली असती. पण मी तसं म्हणाले मात्र, आणि मास्तरांचा चेहरा असा पडला की जणू मी त्यांच्या वर्गातल्या पोरांना खाजगी क्लासला घालायचं म्हणतेय. "घरात सुतार असताना बाहेर?" ते म्हणाले. घरातला सुतार कोण, असं मी मागे वळून पाहिलं. त्यांनी तोवर एकच फ्रेम केलेली होती, आमच्या नातवाच्या चित्राची, आणि तिच्या कोपऱ्यातल्या फटीतून झुरळाने अंग न चोरता येजा केली असती. करवतीने तिरकं कापताना हात हलतो, हे त्यांचं म्हणणं. हात हलतो तर हात बदला, हे माझं.

हात काही बदलता येत नाही म्हणून ते यंत्र शोधायला लागले. उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्लीत जुनी मशिनरी विकणारी दुकानं आहेत. तिथे आम्ही सरस आणायला गेलो आणि मास्तरांना गंजलेल्या मोटारींच्या ढिगात ते धूड दिसलं. बैठक ओतीव लोखंडाची. तिच्यावर पट्टी तिरकी टेकवायला दोन आडवे हात, मधे सरकणारी दोन पाती आणि ती सरकवायला एक लांब दांडा. दुकानदार सिंधी, वयाने आमच्याएवढाच, बोलण्यात आमच्या दोघांच्या वरचढ.

"साईं, विलायती है. किसी कारखाने के पैटर्न शॉप से निकला है. मेरे से भी बूढ़ा है," तो म्हणाला.

"काम क्या करता है?" मी विचारलं.

"कोना बनाता है, बहनजी. लाइट नहीं चाहिए, आवाज़ नहीं करता, और चालीस साल में एक बार भी पलट के नहीं बोला." हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिलं की नाही, यावर मास्तरांचं आणि माझं अजून एकमत नाही.

त्याने लाकडाचा तुकडा तिरका टेकवला आणि दांडा ओढला. सर्र असा हलका आवाज झाला आणि टोकावरून कांद्याच्या पातीसारखा पापुद्रा खाली पडला. कापलेलं टोक काचेसारखं गुळगुळीत. खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर बरं वाटलं. मास्तरांच्या तर डोळ्यांत पाणीच आलं. आमच्या मुलीच्या पाठवणीला ते रडले नव्हते.

रिक्षावाल्याने यंत्र पाहिलं, आम्हाला पाहिलं आणि म्हणाला, "काका, एक तर तुम्ही दोघं बसा, नायतर तुम्ही आणि हे. तिघं नाय जमणार." मास्तर यंत्राबरोबर बदलापूरला गेले. मी सरसाच्या डब्यासह दुसऱ्या रिक्षाने मागून आले.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी आवाजाची तक्रार लिहून तयार ठेवली होती, पण यंत्र आवाजच करीना, म्हणून बिचाऱ्यांना कागद फाडावा लागला. अडचण वेगळीच निघाली. गॅलरीच्या फरशीला पाणी जायला उतार आहे, त्यामुळे यंत्राचा एक पाय टेकायचा नाही आणि दांडा ओढला की सगळं धूड डुगडुगायचं. मास्तर हाताला लागेल त्या जाड कागदाची घडी करून त्या पायाखाली सारायचे. लग्नपत्रिका झाल्या, औषधांची खोकी झाली. एकदा माझं हयातीच्या दाखल्याचं पत्र तीन दिवस सापडत नव्हतं, ते तिथून निघालं.

लाकूड वांगणीहून आलं. तिथे स्वस्तातल्या घरांची स्कीम उभी राहायची होती म्हणून एक जुनं घर पाडलं होतं, त्याच्या दारांच्या चौकटी सागाच्या. मास्तरांनी त्यांतली एक आणली, सुताराकडून तिच्या पट्ट्या काढून घेतल्या, आणि फोटो पट्टीने मोजून, पाठीमागच्या खाचेचा हिशेब धरून, वहीत आकृती काढली. आकृती सुंदर होती. त्यांच्या आकृत्या नेहमीच सुंदर असतात, कारण त्या वहीतून बाहेर येत नाहीत.

पहिल्या दिवशी त्यांनी पट्टीचं चौकोनी टोकच यंत्रात घातलं आणि एका दमात सगळा कोपरा उडवायला गेले. पातं अर्ध्यावर रुतलं, सागवान फाटलं आणि दांड्याने मास्तरांच्या बरगडीत ढुशी दिली. मग दोन दिवस शेक घेता घेता त्यांना उमगलं की हे यंत्र कापायचं नाहीच, सोलायचं आहे. आधी करवतीने तिरकं कापून घ्यायचं, जरा जास्त ठेवून, आणि मग यंत्रावर पापुद्रा पापुद्रा उतरवत मापाला आणायचं. फाटलेली पट्टी बाद झाली. राहिल्या त्यांतून नेमक्या चार निघाल्या, एकही वर नाही.

त्यांनी चार पट्ट्यांची आठ टोकं सोलली, फरशीवर फ्रेम जुळवली आणि मला हाक मारली. मी कणीक भिजवत होते. हात धुवून आले, अंगठा पहिल्या कोपऱ्यावरून फिरवला.

"अहो, फट दिसतेय."

"कुठे?"

"ही काय. बाहेरून मिटलीय, आतून तोंड उघडं आहे."

त्यांनी चष्मा पुसला, काटकोन तपासायचा गुण्या लावला, उजेडाकडे धरून पाहिलं. केसाएवढी फट होती. त्यांनी पट्ट्या उचलल्या, पुन्हा यंत्रावर नेल्या आणि आठही टोकांवरून एकेक पापुद्रा काढला. मी पुन्हा आले. पुन्हा अंगठा.

"फट दिसतेय."

यंत्रावर पंचेचाळीस अंशाची एक खाच आहे, तिच्यात खिळा अडकवला की कोन पक्का होतो. मास्तरांचा त्या खाचेवर वेदांइतका विश्वास. पंचेचाळीस म्हणजे पंचेचाळीस. ती खाच वापरून वापरून झिजली असेल, हे त्यांच्या मनात येईना, कारण चौतीस वर्षांत त्यांच्या फळ्यावरचा पंचेचाळीसचा कोन कधी झिजला नव्हता. कोन रतीभर कमी पडत होता आणि ते त्याच कोनात पुन्हा पुन्हा सोलत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी एक फेरी, चहानंतर एक, माझी झोप झाल्यावर एक. प्रत्येक वेळी मी ओल्या हाताने यायचे, परीक्षकासारखी वाकायचे आणि निकाल सांगायचे.

एकदा ते हळूच म्हणाले, "बाजारात काय करतात माहितीये? भुसा आणि सरस कालवून फटीत भरतात. वर पॉलिश. कुणाच्या बापाला कळत नाही."

"माझ्या आईला कळलं असतं," मी म्हणाले. "तिच्या फोटोला भुसा भरलेली फ्रेम? बाहुल्यांत भरतात तो भुसा."

ते पट्ट्या घेऊन गॅलरीत गेले. सर्र, सर्र.

मला मजा यायला लागली होती, हे इथे कबूल करते. निवृत्तीनंतर कोणी माझ्यासमोर काही सादरच करत नव्हतं. आता रोज चार-पाच वेळा एक माणूस चार कोपरे घेऊन उभा राहत होता, घाम पुसत, माझ्या तोंडाकडे बघत. मुलीला फोनवर मी सगळं रंगवून सांगायचे, ती खो-खो हसायची, आणि मास्तर आतून ऐकत असायचे. "आई, पुरे आता, बाबांचं लाकूड संपेल," ती एकदा म्हणाली. त्यावरही आम्ही दोघी हसलो.

शुक्रवारी संध्याकाळी मास्तरांना खाचेचं कोडं सुटलं. त्यांनी खिळ्याशेजारी कॅलेंडरच्या कागदाचा कपटा घातला, कोन रतीभर वाढला, शेवटचे पापुद्रे निघाले, आणि कोपरे मिटले. मी चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. मग डोळे मिटून पुन्हा फिरवला. काही लागेना. एकच पट्टी वळून पुढे गेल्यासारखी वाटत होती.

"पास," मी म्हणाले.

सहासष्ट वर्षांचा माणूस, पण कान लाल झाले हो त्यांचे. त्यांनी लगेच सरस लावला, दोरीने आवळलं आणि रात्रभर वाळायला ठेवून दिलं.

शनिवारी सकाळी फोटो आत बसेना. फ्रेम लहान झाली होती. लांबीला बोटभर, रुंदीला बोटभर. आठ टोकांवरून इतके दिवस पापुद्रे काढल्यावर दुसरं काय होणार? चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला वजाबाकी दिसली नव्हती, आणि तीस वर्षं चुका काढलेल्या बाईलाही नाही. गॅलरीच्या कोपऱ्यात तो गेलेला बोटभर साग भुशाबरोबर सुपलीत भरून ठेवलेला होता.

"मी वांगणीला जातो," मास्तर म्हणाले. "दुसरी चौकट मिळेल. आठ दिवसांत नवी करतो, आता कोन सापडलाय."

"आठ दिवस? मावशी उद्या जेवायला येतेय! तिला काय गॅलरीतला भुसा दाखवू?"

"मग?"

"मग काय? खालून नुसती जमीन आहे, ती काढा. आणि उजवीकडे तो ओलीचा डाग आहे, तोही जाईल. बोटभर तर काढायचंय. उलट बरंच दिसेल."

त्यांनी फोटो उजेडाकडे धरला. बराच वेळ धरला. "एकदा चष्मा लावून बघ," ते म्हणाले. "इथे काहीतरी आहेसं वाटतंय. आकार दिसतोय."

माझा चष्मा ओट्यावर होता आणि मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, वाल सोलत. "काय असणार? भिंत असेल! तुम्हाला कोपऱ्यातली फट दिसत नाही आणि डागात आकार दिसतात," मी म्हणाले. "काढा."

त्यांनी पोलादी पट्टी लावली आणि कटरने कड काढली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एका फटक्यात सरळ कापलं.

रविवारी मावशी आली. भाच्याने रिक्षात बसवून दिलं होतं, मास्तर खाली जाऊन घेऊन आले. इस्त्रीचं लुगडं, डोक्याला तेल, हातात चिंचेची पिशवी. फोटो आम्ही हॉलमध्ये समोरच लावला होता, पण मी आधी जेवायला वाढलं. वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या. तिने दोन घास जास्तच खाल्ले आणि यंत्राचीही चौकशी केली. मी बरगडीतल्या ढुशीपासून सगळी गोष्ट सांगितली, नकला करून. मावशी पदर तोंडाला लावून हसली. मास्तर ताटात बोट फिरवत बसले होते.

मग ती हात पुसत फोटोसमोर जाऊन उभी राहिली. उभ्या उभ्या सगळ्यांची नावं घेतली, कोण कधी गेली ते सांगितलं. आईजवळ थांबली. आणि मग तिची नजर आईच्या पलीकडे गेली, फ्रेमच्या लाकडावर आली आणि परत मागे फिरली. पुन्हा गेली, पुन्हा फिरली.

"मी कुठं हाय गो?" तिने विचारलं.

"असं काय करतेस? ही काय!" मी मधल्या नथवाल्या बाईवर बोट ठेवलं.

"ही? ही तर आमची मुकादमीन," मावशी म्हणाली. "वरडाची ती आमच्यावर." तिचा आवाज अजून साधा होता, आपलंच काही चुकत असेल असा. "मी तुझ्या आयच्या बाजूला व्हती. कडंला."

"अगं, कडेला तर नुसता..." मी म्हणाले आणि थांबले.

ती आणखी जवळ गेली. आईच्या खांद्यावर जे पांढुरकं होतं, जे मी पदराची घडी म्हणून सोडून दिलं होतं, तिथे तिने बोट टेकवलं. काचेतून आता ते स्वच्छ दिसत होतं. चार बोटं. मनगटाजवळ गोंदणाचे तीन ठिपके. मनगटाच्या पुढे फ्रेम.

"मंग ह्यो हात कोनाचा?" तिने विचारलं, आणि आपला हात काचेशेजारी धरला. कातडी सुरकुतली होती, ठिपके निळे होते. तीन.

सांगावं तर काय सांगावं? तुला ओळखलं म्हणाले तेव्हा मी तुझ्याकडे पाहिलंही नव्हतं, हे? कोपऱ्यातली केसाएवढी फट मला दिसली आणि अख्खी बाई दिसली नाही, हे?

मास्तर उठले. गॅलरीत गेले. यंत्र एका बाजूने उचलल्याचा आवाज आला, मग त्यांचा कण्हल्याचा आवाज. ते परत आले तेव्हा हातात ती कड होती, चौपदरी घडी घातलेली. काल संध्याकाळी दुसऱ्या कशासाठी तरी यंत्र चालवताना पाय डुगडुगला असणार आणि हाताला लागला तो जाड कागद त्यांनी खाली सारला असणार. त्यांची ती सवयच.

मावशीने खाली बसून घडी मांडीवर उलगडली. पुठ्ठा तीन ठिकाणी मोडला होता. वर यंत्राच्या पायाचा गंजका गोल उमटला होता. त्या गोलाच्या आत, ओलीच्या तपकिरी रंगात, एका पोरीचं ओलीने अर्धं खाल्लेलं तोंड, एक कान, एक वेणी. हसत होती. मी चष्मा लावला तेव्हा तीही मला स्वच्छ दिसली.

"चूक माझी आहे, मावशी," मास्तर म्हणाले. "मी कापलं."

"नाही, मी सांगितलं," मी म्हणाले. "ते बघ म्हणत होते. मी बघितलं नाही." माझे डोळे भरून आले होते आणि मला ते लपवायचंही नव्हतं.

मावशीने ती पट्टी तळव्याने दाबून दाबून सरळ केली, जशी होईल तशी. मास्तर घाईघाईने सांगायला लागले की उद्याच वांगणीला जातो, मोठी फ्रेम करतो, दोन्ही तुकडे शेजारी शेजारी बसवतो, जोड दिसेल पण सगळ्या असतील. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. निघायची वेळ झाली तेव्हा तिने पट्टी चिंचेच्या रिकाम्या पिशवीत घातली.

"मावशी, ती ठेव ना," मी म्हणाले. "ह्यांना लागेल ती. फ्रेमला."

"नको गो बाय. तुझी आय तुझ्याकडं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माझी मी नेते."

दारात जाताना ती पुन्हा फोटोपाशी थांबली. मला वाटलं आईकडे बघतेय. तिने हात वर केला आणि अंगठा फ्रेमच्या एका कोपऱ्यावरून फिरवला. मग दुसऱ्या. वरच्या दोन कोपऱ्यांपर्यंत तिचा हात पुरेना, तर मास्तरांनी धावत जाऊन फ्रेम भिंतीवरून काढून तिच्यापुढे धरली. तिने सावकाश, खात्यात पेट्या तपासायची तसाच, चारी कोपऱ्यांवर अंगठा फिरवला.

"पास," मावशी म्हणाली, आणि चपला घालायला खाली वाकली.